शंभर चेंडूंना एकोणतीस

तिप्पण्णाने आयुष्यात एकही टिंब चुकवलं नाही. एवढंच त्याचं कर्तृत्व, आणि ते तो भेटेल त्याला ऐकवायचा. स्कोअरबुकात ज्या चेंडूवर रन निघत नाही, त्याच्या चौकटीत एक टिंब द्यायचं असतं. सोलापुरात लाल चेंडूचा दोन किंवा तीन दिवसांचा कुठलाही सामना असो, तंबूच्या सावलीत एका डगमगत्या टेबलाशी तिप्पण्णा बसलेला असायचा आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत टिंबं देत असायचा. अशी एकतीस वर्षं गेली. चहा, पोहे आणि गाडीचं पेट्रोल याखेरीज त्याला कधी काही मिळालं नाही आणि त्याने मागितलंही नाही. अशा माणसाचं लोक तोंडभर कौतुक करतात, फक्त त्याच्या शेजारी बसायला कुणी तयार नसतं.

मैदानाकडे तो फार बघायचाच नाही. अंपायरचे हात बघायचा, घड्याळ बघायचा आणि वही बघायचा. कुणी सुरेख ड्राइव्ह मारला आणि तंबूतले सगळे उभे राहिले तरी हा मान खाली घालून चौकटीत चार लिहीत असे. स्कोअररने टाळी वाजवायची नसते, असा त्याचा नियम होता. स्वतःच्या पोराने पहिलं अर्धशतक केलं त्या दिवशीही त्याने टाळी वाजवली नाही, आणि ही गोष्ट तो पुढे कित्येक वर्षं अभिमानाने सांगत राहिला. ऐकणारा मान डोलवायचा आणि काहीतरी काम काढून उठायचा.

हा खवटपणा त्याला क्रिकेटने दिला नव्हता, तो आधीपासूनचा होता. तरुणपणी तिप्पण्णा एका कापड गिरणीत टाइमकीपर होता. त्याचा सख्खा मेव्हणा, म्हणजे बायकोचा, मल्लव्वाचा, धाकटा भाऊ, त्याच गिरणीत बदली कामगार म्हणून लागला होता. एका सकाळी तो बाळंतपणासाठी बायकोला दवाखान्यात पोचवून सात मिनिटं उशिरा आला. महिन्यातली तिसरी वेळ होती. तीनदा उशीर झाला की बदली कामगाराचं नाव कमी होई. तिप्पण्णाने सात मिनिटं लिहिली. शेजारच्या कारकुनाने पेन धरलेला त्याचा हात आवळला होता, तरी त्याने लिहिली. पुढे चार महिन्यांत गिरणीच बंद पडली, म्हणजे त्या सात मिनिटांनी कुणाचंही काही राखलं नाही. मेव्हण्याने मात्र त्यानंतर बाळीवेसेतल्या तिप्पण्णाच्या घराचा उंबरा ओलांडला नाही.

अशा बापाच्या पोटी नंदीश जन्मला आणि त्याला बॅट धरायची आवड लागली. तिप्पण्णाने त्याला आठव्या वर्षापासून गच्चीवर शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, तर पहिली काही वर्षं फक्त चेंडू सोडायला आणि अडवायला शिकवलं. हवेत फटका गेला की त्या रात्री ताटात आमटी नसे, कोरडी भाकरी आणि शेंगाचटणी. मल्लव्वा चोरून वाटीभर आमटी द्यायची आणि पोरगं ती परत करायचं, कारण बाप विचारेल आणि खोटं बोलता येणार नाही हे त्यालाही कळत होतं. अशा रीतीने सोलापूर शहराला एक सलामीचा फलंदाज मिळाला, ज्याला बाद करणं लई अवघड होतं आणि ज्याला बघणं त्याहून अवघड.

सुरुवातीला हे चालून गेलं. तेव्हा डाव मिनिटांत मोजायचे. नंदीश किती खेळला असं कुणी विचारलं की तिप्पण्णा म्हणायचा, तीन तास दहा मिनिटं. विचारणारा म्हणायचा, वा. मग मोबाइलवर स्कोअर यायला लागला, आणि प्रत्येक नावापुढे एक नवा रकाना आला, शंभर चेंडूंना किती रन. नंदीशच्या नावापुढे एकोणतीस लागायला लागलं. तोच पोरगा, तेच तास, पण आता लोक ऐकून हसायला लागले.

त्यातच टीव्हीवर कसोटी सामने वनडेसारखे खेळले जाऊ लागले. पार्क चौकातल्या चहाच्या गाड्यावर रोज त्यावरून जुंपायची. निवड समितीचा प्रमुख इंद्रजीत तिथला मुख्य वक्ता. हा इंद्रजीत पूर्वी जिल्ह्याकडून खेळलेला. एकदा अडतीस चेंडूंत एकाहत्तर काढल्या आणि पुढची वीस वर्षं त्या एकाहत्तरांवरच काढली.

"काका, कसोटी जिंकायला वीस विकेटी लागतेत," तो तिप्पण्णाला डिवचायचा. "तुमच्यासारखे खेळत बसले तर बॉलरला टाइम कुटला उरायचा? जो रन काढत न्हाय, तो आपल्याच बॉलरचं खातो."

"आणि नवा बॉल जुना कोण करायचा, तुजा बाप?" तिप्पण्णा म्हणायचा. "पाच दिवस दिलेत ते काय भाकरी थापायला? तासभर उभा राहणारा एक न्हाई मिळाला की तुमचे मारणारे धा जण दुपारच्या जेवणाआधी बसमदी. मॅच वाचवणं ह्याला बी खेळणं म्हणतेत."

हे तो इतक्या वेळा बोलला होता की गाड्यावरच्या पोऱ्यालासुद्धा पाठ झालं होतं. बोलताना त्याचा आवाज चढायचा. बाहेरच्याला वाटावं, हा खेळासाठी भांडतोय. भांडत तो पोरासाठी होता, पण तसं कबूल करणं त्याच्या तत्त्वात बसत नव्हतं.

नंदीश सव्वीस वर्षांचा झाला होता. अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेलच्या कारखान्यात चेकिंगला होता. दिवसभर उभं राहून टॉवेलातले सुटलेले धागे शोधायचे, सुट्टीच्या दिवशी क्लबकडून खेळायचं. दोन वर्षं जिल्ह्याच्या संघात त्याचं नाव राखीव म्हणून आलं होतं. राखीव म्हणजे पाण्याच्या बाटल्या न्यायच्या. तिसऱ्या वर्षी पहिल्या अकरात आला तर आला, नाहीतर मग संपलं, हे घरातल्या तिघांनाही माहीत होतं. मल्लव्वा श्रावणी सोमवारी सिद्धेश्वराला जायची ती एकच मागणं घेऊन.

त्या वर्षी नशिबाने दार उघडलं. जिल्ह्याचा जुना सलामीवीर नोकरीसाठी पुण्याला गेला आणि एक जागा रिकामी झाली. जागेवर दोघांचा डोळा होता. एक नंदीश, आणि दुसरा जुळे सोलापूरचा अभिमन्यू. हा वीस वर्षांचा, हातात साताठ फटके, आणि तिसऱ्या चेंडूला पाय काढून उचलून मारायची खोड. आश्चर्य असं की इंद्रजीतने स्वतः नंदीशच्या बाजूने कौल दिला. गाड्यावर काहीही बोलला तरी माणूस इतका मूर्ख नव्हता. तीन दिवसांच्या सामन्यात एक टिकणारा लागतो, हे त्याला मनातून कळत होतं.

त्याने तिप्पण्णाला बाजूला घेतलं. "काका, घेतो मी त्याला. पण कमिटीत दोघं जण स्ट्राइक रेट स्ट्राइक रेट करायलेत. त्यांच्या तोंडावर मारायला कायतरी कागद लागतो. तुमच्याकडं सगळ्या वह्या हायत. नंदीश टिकला म्हणून काय फायदा झाला, असे चार चांगले आकडे काढून आणा. चारच बास. बाकी माझ्यावर सोडा."

चार चांगले आकडे. एवढंच काम होतं. दुसरा कुठलाही बाप असता तर त्याने रात्री जेवून झाल्यावर अर्ध्या तासात ते काढले असते, आणि वर एक पाचवा स्वतःच्या मनाने घातला असता.

तिप्पण्णाने तीन आठवडे घेतले. पोलादी कपाटातून नऊ वर्षांच्या वह्या काढल्या, पंख्याखाली सतरंजी अंथरली आणि बसला. नंदीश खेळलेले चौसष्ट सामने. प्रत्येक सामन्याचा एक कागद. तो किती वेळ खेळला, किती चेंडू, निकाल काय. मल्लव्वा चहा ठेवायची, चहावर साय धरायची. पहिले काही दिवस तो मजेत होता, मधूनच म्हणायचा, हे बघ, दोनशे दहा चेंडू. दुसऱ्या आठवड्यात तो बोलेनासा झाला. तिसऱ्या आठवड्यात त्याने सगळे कागद पुन्हा पहिल्यापासून मोजले, कारण बेरीज चुकली असावी अशी त्याला आशा होती. बेरीज चुकली नव्हती. ती कधी चुकायचीच नाही.

नंदीश दोन तासांपेक्षा जास्त खेळला असे सव्वीस सामने होते. त्यातले तीन जिंकले होते, आठ हरले होते, पंधरा ड्रॉ झाले होते. नंदीश अर्ध्या तासाच्या आत बाद झाला असे सतरा सामने होते. त्यातले अकरा जिंकले होते.

"काय झालं?" मल्लव्वाने विचारलं.

"काय न्हाई."

"चार आकडे निघाले न्हवं?"

"निघाले," तिप्पण्णा म्हणाला. "जास्त निघाले."

तिला वाटलं, चांगलंच आहे की. तिने त्या संध्याकाळी गोड केलं.

बैठक मैदानामागच्या एका खोलीत होती. उकाड्यामुळे दार उघडं ठेवलेलं, आणि दाराबाहेरच्या बाकावर निवडीसाठी आलेली पोरं बसली होती. नंदीश होता, त्याच्या शेजारीच अभिमन्यू. आतलं बोलणं बाहेर ऐकू येत होतं. तिप्पण्णाला ते माहीत होतं, कारण आत जाताना त्याने दोघांनाही पाहिलं होतं. नंदीश त्याच्याकडे बघून किंचित हसला. तेवढं हसू त्या पोराच्या तोंडावर वर्षातून एकदोनदाच यायचं.

तिप्पण्णाने चष्मा लावला आणि पहिला कागद वाचला. सर्वात जास्त चेंडू खेळलेला फलंदाज, सर्वात जास्त वेळ मैदानात, पहिल्या पंधरा षटकांत सर्वात कमी वेळा बाद. कमिटीतल्या त्या दोघांपैकी एकाने ओठ बाहेर काढून पटल्यासारखी मान हलवली. काम झालं होतं. इंद्रजीत म्हणाला, "चला, म्हणजे हे ठरलं. बास की काका, ठेवा ते."

"अजून एक पान हाय," तिप्पण्णा म्हणाला.

"ते र्‍हाऊ द्या."

"अर्धं वाचायची सवय न्हाई मला."

इंद्रजीतने त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं की आंधळ्यालाही कळावं. तिप्पण्णाला कळलं नाही असं नाही. त्याला कळलं, आणि म्हणूनच तो वाचू लागला. एकतीस वर्षं ज्याने कुणाची एक रन इकडची तिकडे केली नाही, त्याला आज पोरासाठी पान दाबायला सांगत होते. त्याच्या मते ही परीक्षा होती, आणि तो परीक्षेत पास होत होता. त्याने सव्वीस सामने वाचले. तीन, आठ, पंधरा. त्याने सतरा सामने वाचले. अकरा. आवाज स्पष्ट होता, प्रत्येक आकड्यानंतर तो थांबत होता, ऐकणाऱ्याने लिहून घ्यावं म्हणून.

मग स्ट्राइक रेटवाल्यांपैकी एक जण म्हणाला, "म्हणजे पोरगा लवकर आऊट झाला तर आपण जिंकतो, असंच की." आणि हसला. बाहेर बाकावरही कुणीतरी हसलं. इंद्रजीतने यादीत अभिमन्यूचं नाव लिहिलं.

तिप्पण्णा बाहेर आला तेव्हा बाकावर नंदीश नव्हता. गाडी काढून तो गेला होता. तिप्पण्णा रिक्षाने घरी आला. सांगायला लाज वाटते, पण रिक्षात त्याला बरं वाटत होतं. तीन आठवडे जे पोटात धरून बसला होता ते उतरलं होतं, आणि पुढे लोक आपल्याविषयी काय बोलतील याची वाक्यंसुद्धा त्याच्या मनात तयार होत होती. लोक बोलले खरे. महिनाभर गाड्यावर ती गोष्ट चालली होती, आणि दरवेळी सगळे पोट धरून हसत होते.

मल्लव्वाने त्याला ताट वाढलं, समोर बसली आणि म्हणाली, "माझ्या भावाच्या वेळी निदान सात मिनिटं तरी उशीर झालेला. पोराचं काय चुकलं होतं ओ? ते पान तुमाला कुणी मागितलं बी न्हवतं." एवढं बोलून ती उठली. त्यानंतर ती त्याच्याशी कामापुरतंच बोलत राहिली, अजूनही बोलते.

नंदीशने पॅड आणि हेल्मेट शेजारच्या गल्लीतल्या पोरांना देऊन टाकलं, आणि रविवारीही कारखान्यात जायला लागला. तिप्पण्णाला वाटलं, राग आहे, ओसरेल. खेळाडूने निकाल मानायला शिकलं पाहिजे, असंही तो एकदा जेवताना म्हणाला. नंदीशने भाकरीचा तुकडा मोडला आणि खाल्ला.

डिसेंबरात जिल्ह्याचा तीन दिवसांचा सामना आला. तिप्पण्णा अर्थातच टेबलाशी होता. तिसऱ्या दिवशी दुपारी सोलापूरला जिंकण्याची आशा नव्हती, फक्त साडेपाचपर्यंत टिकायचं होतं. टिकले तर पुढच्या फेरीत जाणार होते. अभिमन्यूने सत्तावीस चेंडूंत एक्केचाळीस केल्या, तंबूत शिट्ट्या झाल्या, आणि अठ्ठाविसाव्या चेंडूला त्याने उचलून मारला तो सरळ सीमेवरच्या माणसाच्या हातात. त्याच्या मागून बाकीचे एकेक करून आले आणि गेले. शेवटची विकेट चार वाजून पन्नास मिनिटांनी पडली. चाळीस मिनिटं कमी पडली. तिप्पण्णाने वेळ लिहिली, रेघ ओढली आणि सही केली.

इंद्रजीत टेबलाशी येऊन उभा राहिला. "आज नंदीश पाहिजे होता, काका," तो म्हणाला. "तुमी ते दुसरं पान वाचलं नसतं तर हितं असता."

या बोलण्यातलं पुढचं अर्धं तिप्पण्णाने ऐकलंच नाही. पहिलं अर्धं घेऊन तो उठला. एरवी दोन्ही संघांच्या वह्या पडताळल्याशिवाय टेबल न सोडणारा माणूस, त्या दिवशी गाडीला किक मारून थेट अक्कलकोट रोडला गेला. मॅच वाचवणं हेही खेळणं असतं, हे आज सगळ्यांनी पाहिलं होतं. पुढच्या वर्षी पोराला घ्यावंच लागणार होतं. कारखान्याच्या फाटकावर त्याने रखवालदाराला सांगून नंदीशला बाहेर बोलावलं. नंदीश आला, केसांवर टॉवेलची पांढरी लव बसलेली.

तिप्पण्णाने सगळं सांगितलं. किती तास, किती मिनिटं, कोण कितव्या चेंडूला गेला. "इंद्रजीत स्वतः म्हणाला, आज नंदीश पाहिजे होता. मी बोलतो बघ त्याच्याशी. पुढच्या वर्षी..."

"तुमी नका बोलू, अप्पा," नंदीश म्हणाला.

"अरे पण आज सिद्ध झालं की."

"आज काय नवीन झालं?" नंदीशचा आवाज चढला नव्हता. "ते पंधरा ड्रॉ तुमी वाचून दाखवले ना तितं. ते कशे झाले? समोरून सगळे पडायलेते आणि मी उभा होतो, म्हणून झाले. न्हाईतर पंधराच्या पंधरा हरलो असतो. आणि ते सतरा, ज्यात मी लवकर आऊट झालो. त्यातल्या निम्म्यात समोरची टीम कच्ची होती. कॅप्टन सांगायचा, नंद्या, मार आणि ये, मागच्या पोरांना बॅटिंग मिळू दे. मी मारून यायचो. मारता येतं मला. तुमाला कधी दिसलं न्हाई?"

तिप्पण्णा म्हणाला, "वहीत तसं लिहायला रकाना नसतो."

"व्हय," नंदीश म्हणाला. आत जायला वळला, आणि मग थांबला. "तीन वर्षांमागं बार्शीबरोबर खेळलो, आठवतं? शेवटपर्यंत नाबाद होतो."

"एकशे अठ्ठ्याण्णव चेंडू, चौरेचाळीस," तिप्पण्णा लगेच म्हणाला. हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. "तीन तास अठ्ठावन्न मिनिटं. मधी चार मिनिटं खेळ थांबला होता, तीन एकोणचाळीस ते तीन त्रेचाळीस. ती वजा करून."

"कशासाठी थांबला होता?"

ती चार मिनिटं तिप्पण्णाला स्वच्छ आठवत होती. त्या वेळात त्याने बॉलरांच्या रनांची बेरीज करून घेतली होती आणि ती जुळली होती.

"पाणी मागितलं असंल कुणीतरी," तो म्हणाला.

नंदीशने उजव्या हाताची करंगळी त्याच्यापुढे धरली. मधल्या पेरातून ती बाहेरच्या बाजूला वाकलेली होती. कारखान्याचा भोंगा वाजला, रखवालदाराने फाटक अर्धं लावलं.

"तू तर म्हणालास गाडीवरून पडलो," तिप्पण्णा म्हणाला.

"बॉल लागला तवा मी तुमच्या टेबलासमोरच येऊन खाली बसलो होतो, अप्पा. धा पावलांवर. मला वाटलं, तुमी मान वर कराल." नंदीशने हात खिशात घातला. "घरी आल्यावर तुमी विचारलं, हाताला काय झालं. मग काय सांगायचं होतं?"

तो आत गेला. तिप्पण्णा फाटकाशी उभा राहून तो दिवस आठवायचा प्रयत्न करत होता. त्याला सगळे चेंडू आठवत होते, एकूण एक, पण त्यातल्या एकावरही पोराचा चेहरा आठवत नव्हता.